स्पर्धा मोठी कशानं होते

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की माझ्या हातांना डिझेलचा वास येतो. कितीही साबण लावा, दोन दिवस जात नाही. पावसाळाभर उघड्यावर राहिलेल्या बास्केटच्या साखळ्यांना गंज चढतो, म्हणून थंडी पडली की त्या उतरवून डिझेलमध्ये बुडवायच्या, जुन्या ब्रशनं घासायच्या आणि पुन्हा टांगायच्या, असा आमचा रिवाज आहे. पूर्वी रॉकेल वापरायचो, आता ते मिळत नाही.

हा खेळ अजून पुष्कळांना माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. याला डिस्क गोल्फ म्हणतात. जेवणाच्या ताटलीएवढी प्लास्टिकची तबकडी फेकायची, ती जिथं पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि असं करत करत शेवटी एका खांबावरच्या लोखंडी बास्केटमध्ये टाकायची. बास्केटच्या वर साखळ्या लोंबतात, त्यांना तबकडी अडते आणि खाली पडते. सगळ्यांत कमी फेकींत जो सगळी बास्केटं पुरी करतो तो जिंकला. माझी मुलगी प्रज्ञा बंगळूरला शिकायला गेली होती, ती डिग्रीबरोबर तीन तबकड्या घेऊन परत आली. भिलाईत झाडं आणि मोकळी मैदानं यांना तोटा नाही. जामुलच्या साहूजींनी आपल्या वेल्डिंगच्या दुकानात नऊ बास्केटं बनवून दिली. ती इतकी भक्कम आहेत की माझ्यामागे दोन पिढ्या तरी हलणार नाहीत.

परवा साखळ्या घासताना यंदाच खेळायला आलेल्या एकानं विचारलं, "दीदी, अपना टूर्नामेंट मेजर है क्या?" प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं. मी ब्रश घासत राहिले. त्या प्रश्नापायी मी एकदा सख्ख्या भावाचा अबोला पदरात पाडून घेतला होता.

तो हिवाळा दादाच्या रिटायरमेंटच्या आधीचा शेवटचा. थंडी नेहमीसारखीच होती. पहाटे धुकं, दुपारी उत्तरेकडून वारा, संध्याकाळी पाचलाच स्वेटर. बाजारात तिवऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आली होती. इथले लोक तिला तिवरा भाजी म्हणतात, आमची आई लाखोरीची भाजी म्हणायची. आई-बाबा भंडाऱ्याकडून इथं आले तेव्हा दादा तीन वर्षांचा होता आणि मी व्हायची होते. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये लागले, त्यांच्यामागे दादा लागला. मी रेल्वेत गेले. भिलाई-३च्या यार्ड ऑफिसात वॅगनचे नंबर तपासण्यात माझा जन्म गेला. एक आकडा चुकला तर गहू जायचा तिथं सिमेंट पोचतं. त्यामुळे कागद हातात आला की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची मला खोड आहे, आणि त्या खोडीमुळेच खेळणाऱ्या मंडळींनी मला नियमांची जबाबदारी दिली होती. नियमांची वही माझ्याकडे, वाद झाला की निकालही मीच द्यायचा.

दादा क्रेन चालवायचा. पन्नास-साठ फुटांवर बसून खालचं तापलेलं लोखंड इकडचं तिकडे करायचं, तेही छत्तीस वर्षं. अंतराचा अंदाज त्याच्या हाडांत मुरलेला. भाचीनं एकदा हातात तबकडी दिली आणि हा माणूस पार वेडा झाला. क्वार्टरच्या मागे दोन पेरूंच्या मध्ये त्यानं पोतं टांगलं आणि रोज शंभर वेळा त्यावर फेकायला लागला. वहिनीचे वाळत घातलेले पापड दोनदा जमिनीवर आले.

एक गोष्ट मात्र खरी होती. दादानं आयुष्यात काहीच जिंकलं नव्हतं. शाळेत तो धावायचा आणि चौथा यायचा. खात्याच्या रस्सीखेचीत त्याची बाजू दर वर्षी हरायची. कॅरममध्ये एकदा फायनलला पोचला, तर त्याच दिवशी नेमकी ड्यूटी लागली. घरात शोकेस होती आणि तिच्यात वहिनीनं काचेचे ग्लास ठेवले होते. रिटायर झाला की तो पवनीजवळच्या गावी जाणार होता, क्वार्टर सोडायचंच होतं. एका सकाळी पोत्यावर फेकता फेकता तो मला म्हणाला, "भिलाईतून जाच्या आंधी एकडाव जिंकून जातो. मंग खुशाल जातो." तो हसत म्हणाला, पण मी त्याला साठ वर्षं नाही तरी पंचावन्न वर्षं ओळखते. गंमत नव्हती ती.

स्पर्धा भरवायचं ठरलं तेव्हा दादानंच बोर्ड रंगवून आणला. निळ्या अक्षरांत 'भिलाई मेजर'.

"दादा, मेजर नाही म्हणता येत," मी म्हटलं.

"कावून?"

"जगभरात या खेळाची एक संघटना आहे. ती ठरवते कोणती स्पर्धा मेजर ते. आपण आपलं म्हणून चालत नाही."

"ते लोकं भिलाईत येऊन राहिले का?"

"नाही."

"मंग त्याइले का फरक पडते? बरं, मेजर होते तं होते कशानं? सांग मले."

मी वही उघडली. सांगितलं की स्पर्धांच्या पायऱ्या असतात. गावातल्या छोट्या स्पर्धा खालच्या पायरीवर, त्याच्या वर मोठ्या, त्याच्या वर आणखी मोठ्या, आणि सगळ्यांत वर मेजर. त्या वर्षातून मोजक्याच होतात. त्यात कोणीही उठून नाव देत नाही, आधी खेळून पात्र व्हावं लागतं नाहीतर बोलावणं यावं लागतं. म्हणून तिथं जे येतात ते चांगल्यांतले चांगले येतात. आणि तिथं जिंकलेलं वेगळं मोजतात. माणसाचं नाव निघालं की आधी विचारतात, मेजर किती?

दादानं सगळं ऐकून घेतलं. "चांगल्यांतले चांगले ना? भिलाईत जेवढे खेळनारे हायत तेवढे सारे येऊन राहिले. बाहेर कोनी उरलं का?"

कोणी उरलं नव्हतं. आम्ही एकोणीस जण होतो. बोर्ड तसाच लागला.

आता आमची चूक सांगते. ती फक्त आमच्याच गावात होऊ शकते. एकोणीसपैकी अकरा जण दादाच्या खात्यातले, म्हणजे शिफ्टवाले. ए शिफ्ट सकाळी सहाला, बी दुपारी दोनला, सी रात्री दहाला. रविवार असो, दिवाळी असो, हे चक्र थांबत नाही. त्यामुळे आमच्याकडे लग्नाचं जेवणसुद्धा दोन वेळा मांडतात. बारशाला पाळणा एकदा सकाळी हलतो आणि एकदा संध्याकाळी. तेव्हा स्पर्धेचा तक्ताही आपोआप शिफ्टप्रमाणे निघाला. बीवाल्यांनी सकाळी खेळायचं, एवाल्यांनी, रात्रपाळी करून झोपलेल्या सीवाल्यांनी आणि बाकीच्यांनी दुपारी तीनला. कोणाला त्यात वावगं दिसलं नाही. मलाही नाही. त्या तक्त्यावर माझी सही आहे, आणि वहीत ज्या पानाला मी खूण घातली होती त्याच पानावर लिहिलेलं होतं की सगळ्यांनी एकाच मैदानावर एकाच फेरीत खेळायचं. हा नियम अगदी खालच्या पायरीच्या स्पर्धेलाही आहे. मी तो वाचला होता. तरी डोक्यात शिरला नाही, कारण आमच्या डोक्यात शिफ्ट आधीच बसलेली असते.

दादा त्या आठवड्यात बी शिफ्टला होता. सकाळी सातला धुकं, झाडाचं पानही हलत नव्हतं. दवामुळे तबकडी हातातून निसटायची, तेवढीच अडचण. नऊ बास्केटं दोनदा, अशा अठरा बास्केटांना दादानं एकसष्ट फेकी घेतल्या. इतका चांगला तो कधीच खेळला नव्हता. शेवटची तबकडी साखळ्यांत खणकन बसली तेव्हा त्यानं हात वर केले नाहीत, नुसता गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा राहिला. मग जेवायला घरी गेला आणि ड्यूटीवर गेला.

दुपारी वारा सुटला. प्रज्ञाची एक तबकडी माझ्या डोळ्यांदेखत वाऱ्यानं वर उचलली आणि रस्त्यापलीकडे नेऊन टाकली. रस्ता म्हणजे हद्दीबाहेर, एक फेक दंड. तरी ती बासष्टवर आली. दादा पहिला, प्रज्ञा दुसरी, एका फेकीचा फरक. दुसऱ्या दिवशी दादानं खात्यात जिलबी वाटली. वहिनीनं शोकेसमधले दोन ग्लास काढून जागा केली.

आणि मग देवांगननं विचारलं. देवांगन म्हणजे दादाचा रिलीव्हर, दादाची ड्यूटी संपली की त्याच क्रेनवर चढणारा माणूस. स्वभावानं गरीब. तो दुपारी खेळून अकरावा आला होता. त्यानं तक्रार केली नाही, फक्त माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाई, सुबह तो हवा नहीं थी ना?"

दुपारी खेळलेले सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, दोन दिवसांनी सांगते.

ते दोन दिवस माझे चांगले गेले नाहीत. निकाल ठेवावा तर तो बरोबर नव्हता, हे मला ठाऊक होतं. रद्द करावा तर दादाच्या पाठोपाठची म्हणून फायदा माझ्या मुलीला होणार, हे सगळ्यांना दिसत होतं. आणि तिसरी गोष्ट, दादाचा चेहरा. मी वही तीनदा वाचली. पळवाट सापडावी म्हणूनच वाचली, खोटं कशाला बोलू. सापडली नाही.

मी त्याच्या क्वार्टरवर गेले. व्हरांड्यात सामान बांधायचे खोके ठेवले होते. "दादा, तो निकाल धरता येत नाही," मी उभ्याउभ्याच सांगितलं. "सगळ्यांना सारखं मैदान मिळालं नाही. चूक माझी आहे, तक्त्यावर सही माझी आहे."

वहिनी आतून आली. "वंदनाताई, सिधं सांगा ना, पोट्टीसाठी करून राहिल्या तुमी. आमी का समजत नाही का?"

"वहिनी, तसं नाही."

"मंग कसं? ते पयले आले तवाच तुमाले नियम आठवला?"

ते खरं होतं. देवांगन बोलला नसता तर मलाही आठवलं नसतं. दादानं एक खोका उचलला आणि आत नेऊन ठेवला. मी चहा न घेता निघाले. घरी प्रज्ञा वेगळीच तापलेली. "मम्मी, मैंने बोला था क्या तुझे? मामाजी को जीतने देती ना. मला नाही पाहिजे असला फर्स्ट." मला दोघींचाही राग आला, आणि त्यातला बराचसा माझा स्वतःवरचाच होता.

अकरा दिवस दादा माझ्याशी बोलला नाही. लहानपणी आम्ही भांडायचो तेव्हा संध्याकाळच्या जेवणापर्यंत मिटायचं. आमच्या स्मृती नगरहून त्याच्या सेक्टरला सायकलनं वीस मिनिटं लागतात, पण ती वीस मिनिटं मला जाववेनात. प्रज्ञा म्हणायची, मामाजी मैदानावरही येत नाहीत. वहिनी सांगायची, ते घरीच नसतात, आणि फोन ठेवायची. मी समजले, रुसला. एकदा मनात आलं की वही फाडून टाकावी. एक खेळ, त्यातल्या एकोणीस माणसांना सोडून कोणाला काय पडलीय, कोणाचा पहिला नंबर आला नि कोणाचा नाही. पण मग आठवायचं, त्यालाच तर पडली होती.

बाराव्या दिवशी सकाळी तो माझ्या फाटकाशी उभा. दाढी वाढलेली, डोळे लाल. हातात एक कागद.

"हे पाय," तो म्हणाला. "पुढचा रविवार. सकाळी नऊ वाजता. आमचे अकराच्या अकरा येऊन राहिले."

मी कागद घेतला. अकरा नावं, प्रत्येकापुढे दुसऱ्या कोणाचं तरी नाव, आणि शेवटी साहेबाची सही. आमच्याकडे याला म्युच्युअल म्हणतात. तू माझी ड्यूटी कर, मी तुझी करतो. एखाददुसऱ्याची म्युच्युअल रोज होते. एकाच खात्यातल्या अकरा जणांची, खेळ लांबला तर म्हणून बीवाल्यांचीसुद्धा, एकाच दिवशी झाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. जे हा खेळ खेळत नाहीत अशा अकरा माणसांना दादानं एकेकाला गाठून तयार केलं होतं. त्यातले चार जण अडून बसले, तर त्या चौघांच्या रात्रपाळ्या त्यानं स्वतः करून फेडल्या होत्या. म्हणून डोळे लाल.

"तू रुसला होतास ना?" मी विचारलं.

"होतो. तीन दिवस," तो म्हणाला. "मंग डोकशात आलं, तुह्यं बरोबर हाय. मी देवांगनसंगं खेळलोच कुठी? त्याले हरवलं कसं मंग?" मग म्हणाला, "चहा टाक. दुपारी ड्यूटी हाय."

मी चहा टाकायला आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. त्याला दिसू दिलं नाही.

त्या रविवारी मैदानावर पाच गट केले आणि प्रत्येक गटानं वेगळ्या बास्केटपासून सुरुवात केली, म्हणजे सगळे एकदमच खेळायला लागले. नऊला वारा नव्हता, साडेदहाला आला. आला तो सगळ्यांवर आला. दादाच्या गटात देवांगन, प्रज्ञा आणि साहूजी होते. मी गुण लिहायला त्यांच्याबरोबर फिरले. पहिल्याच बास्केटला देवांगननं डाव्या हातानं तबकडी फेकली आणि दादा थांबला.

"तुम लेफ्टी हो?"

"जन्म से," देवांगन म्हणाला.

"मेरे को मालूमच नहीं था."

अठ्ठावीस वर्षं हे दोघं एकमेकांच्या जागेवर बसत होते. एक शिडीवरून उतरायचा, दुसरा चढायचा. ब्रेक जरा घट्ट आहे, अमुक हुक बदललाय, एवढं बोलणं. दहा मिनिटं. त्या रविवारी ते तीन तास बरोबर चालले. देवांगनला तीन मुली आहेत आणि धाकटीला कमी ऐकू येतं, हे दादाला त्या दिवशी कळलं. सातव्या बास्केटपाशी दोघं जमिनीवर बसून शेंगदाणे खात होते, मला ओरडावं लागलं की पाळी आली आहे.

दादा चांगला खेळला, पण त्या धुक्यातल्या सकाळीसारखा नाही. वाऱ्यानं त्याच्या दोन तबकड्या नाल्यात घातल्या. शेवटच्या बास्केटला त्याची फेक साखळ्यांवर आपटून बाहेर पडली. एकूण सहासष्ट. पाचवा नंबर. जिंकले साहूजी, ज्यांनी ती बास्केटं वेल्ड केली होती. प्रज्ञा दुसरी, पुन्हा एका फेकीनं. वहिनीनं निकाल ऐकला आणि माझ्या हातात जास्त साखरेचा चहा दिला. तिच्याकडून माफी अशीच येते. दादानं त्याचं गुणपत्रक माझ्यापुढे धरलं, मी सही केली, त्यानं त्याची घडी घालून खिशात ठेवलं.

फेब्रुवारीअखेर तो रिटायर झाला. संध्याकाळी विहाराच्या हॉलमध्ये घरगुती कार्यक्रम होता. जयभीम झाले, हार झाले, नारळ झाला. सूत्रसंचालन करणारा आमचा एक चुलतभाऊ नागपूरहून आलेला, त्याला कोणीतरी अर्धवट माहिती दिलेली. तो माइकवर म्हणाला, "आणि आत्ताच झालेल्या भिलाईच्या मोठ्या स्पर्धेत ज्यांनी पहिला क्रमांक पटकावला, असे आमचे सुधाकरदादा..." लोकांनी टाळ्या सुरू केल्या. मी खाली मान घातली.

दादा उठला आणि माइक त्याच्या हातातून घेतला. सुरुवात हिंदीत केली, मग मराठीवर आला.

"पयला नाही. तवा आमी आपापल्या शिफ्टात खेळलो होतो. ते काही खरं नाही. मंग एक रविवार पाहून सारे संगं खेळलो. छत्तीस वर्षं झाली प्लांटात, पन आमी अकरा जनं एका टायमाले एका जागी कधी उभेच नाही राहिलो. राहू कसे? क्रेन कोन चालवन? त्या दिवशी राहिलो. त्या दिवशी मी पाचवा आलो."

टाळ्या वाजल्या. दादानं हॉलभर नजर फिरवली. देवांगन आलेला नव्हता. तो त्या आठवड्यात बी शिफ्टला होता, आणि त्या वेळी क्रेनवर बसला होता.